मोल ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एका बाजूच्या मते गरीब माणूस ख्रिस्ती होतो तो पैशाच्या, औषधपाण्याच्या किंवा शाळेतल्या प्रवेशाच्या आमिषाने. दुसऱ्या बाजूच्या मते तो जातीच्या जाचातून सुटण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी त्या वाटेला जातो आणि त्यात गैर काहीच नाही. पहिली बाजू आरोप करते, दुसरी वकिली करते. पण श्रद्धा हा मुळात देवाणघेवाणीचा व्यवहार आहे हे दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेले असते, आणि सौदा सचोटीचा होता की फसवणुकीचा एवढ्यापुरताच वाद उरतो. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यामागे दीर्घ वाचन, शंका आणि मनाची ओढाताण होती हे त्यांच्या निर्णयाने दुखावलेली माणसेही नाकारत नाहीत. त्याच काळात नगर जिल्ह्यातल्या महार आणि मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांची नोंद मात्र डोकी मोजून होते. पंडिताला आत्मा असतो आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला फक्त पोट असते, असे आपण कधीपासून धरून चाललो?

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. ख्रिस्ती श्रद्धेतून माणसाला स्वतःची ओळख आणि स्वतःचे मोल खरोखर सापडू शकते, आणि ते सापडते ते या श्रद्धेने मनाला गोंजारल्यामुळे नव्हे, तर तिने केलेल्या एका ठाम दाव्यामुळे. तो दावा असा की माणसाचे मोल ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणत्याही माणसाकडे नाही. जातीकडे नाही, मालकाकडे नाही, सरकारी दाखल्याकडे नाही, बाजाराकडे नाही आणि चर्चकडेही नाही. यातले शेवटचे कलम आम्हा ख्रिस्ती लोकांनाच सर्वांत जड जाते, त्यामुळे या लेखातला बराचसा रोख घरच्यांकडे असेल.

दावा नेमका काय आहे हे आधी पाहिले पाहिजे, कारण विरोधक आणि समर्थक दोघेही तो धड न वाचता बोलतात. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे म्हटले आहे, आणि ते राजाविषयी किंवा पुरोहिताविषयी नाही, माणूस म्हणून जन्मलेल्या सगळ्यांविषयी, स्त्री आणि पुरुष दोघांविषयी आहे. पण त्याचा रोखठोक अर्थ मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात कळतो. मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर लावतो, पुन्हा नऊच्या सुमारास जातो, दुपारी जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असता आणखी एकदा जातो. त्या वेळीही काही माणसे तिथे उभीच असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, या प्रश्नाला त्यांचे उत्तर एवढेच: आम्हाला कोणी कामावर लावले नाही. संध्याकाळी मालक सगळ्यांना पूर्ण दिवसाची मजुरी देतो आणि दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात.

मुंबईच्या उपनगरांत सकाळी कुठल्याही मजूर नाक्यावर उभे राहिले तर हा दाखला भाष्यावाचून समजतो. सात-साडेसातला नाका भरलेला असतो. मिस्त्री थापी आणि ओळंबा घेऊन, रंगारी रंगाने माखलेला डबा आणि ब्रश घेऊन, बिगारी रिकाम्या हातांनी. मुकादम येतो, नजरेनेच दंड आणि खांदे मोजतो, दोन तरुण उचलतो, भाव पाडतो आणि निघून जातो. दहा वाजेपर्यंत नाक्यावर उरतात ती वयस्क माणसे, खोकणारी माणसे आणि कडेवर मूल असलेली बाई. अकरा वाजता ती डबा न उघडताच घरी परततात, आणि दिवस बुडाला या दुःखाइतकेच आपल्याला आज कोणी निवडले नाही हे दुःख त्यांच्या चालण्यात दिसते. पाच वाजता आलेल्या माणसाला पूर्ण मजुरी हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने मूर्खपणा असेल, पण दाखला अर्थशास्त्राविषयी नाहीच. मुकादमाने न निवडलेल्या माणसालाही संध्याकाळी घरी भाकरी न्यायची असते, आणि देवाच्या हिशेबात त्याचे माणूसपण मुकादमाच्या नजरेवर अवलंबून नाही, असे तो सांगतो. आणि कुरकुरणारे कोण आहेत? ज्यांना पूर्ण मजुरी मिळाली तेच. त्यांचे काहीच गेलेले नव्हते. दुसऱ्यापेक्षा आपण अधिक मोलाचे आहोत हा आनंद तेवढा गेला होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मुंबईचा आक्षेप आहे. मोल मिळत नसते, कमवायचे असते, असे हे शहर सांगते. ओळख झाल्यावर इथला पहिला प्रश्न ‘काय करता?’ हा असतो आणि दुसरा ‘राहायला कुठे?’ हा. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. पहिला पगार आईच्या हातावर ठेवणाऱ्या मुलीला जो ताठ कणा मिळतो तो कोणत्याही प्रवचनाने मिळत नाही. स्वतःच्या कष्टाचा अभिमान हा दुय्यम अभिमान नव्हे. परंतु कमावलेले मोल हिरावून घेता येते, हेही याच शहराने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बहुसंख्यांसाठी त्यानंतर जे कोसळले ते केवळ उत्पन्न नव्हते. वीस-वीस वर्षे मागावर उभा राहिलेला, ज्याच्या हाताखाली नवशिके शिकून गेले असा माणूस एका वर्षात ‘घरी बसलेला’ झाला. त्याचे कौशल्य तेच होते, हात तेच होते, मग त्याचे मोल कुठे गेले? ते त्याच्यात नव्हतेच, ते हजेरीपटावर होते, असे म्हणायचे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. दहावीच्या निकालाच्या दिवशी मराठी घराघरांत जे चालते तेही याच हिशेबाचे लहान रूप आहे. कमाईने मोल वाढते हे खरे मानले, तर कमाई थांबल्यावर मोल संपते हेही खरे मानावे लागते, आणि त्या निष्कर्षापर्यंत जायची हिंमत हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना होते. त्यांच्या स्वतःच्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी असते आणि तिला ते बिनमोलाची मानत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक गंभीर आहे. देवाच्या दरबारी तू मोलाचा आहेस असे गरिबाला सांगितले की तो इथल्या दरबारात मोल मागायचे सोडून देतो. श्रद्धा म्हणजे वेदनेवरची अफू. इतिहासात असे झाले आहे. गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी ही बायबलमधल्या पौलाच्या पत्रांतली वचने अमेरिकेच्या मळ्यांवर शतकभर वाचून दाखवली गेली, आणि ती वाचणारे धर्मोपदेशकच होते. पण त्याच इतिहासातली दुसरी एक गोष्ट या आक्षेपाला अडचणीची आहे. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून बायबलची एक कापलेली आवृत्ती छापली गेली. तिच्यातून जुन्या कराराचा बहुतेक भाग गाळला होता. मिसरच्या दास्यातून इस्राएल लोकांची सुटका झाली ती कथा गाळली होती, आणि ख्रिस्ताच्या ठायी दास व स्वतंत्र असा भेद नाही हे गलतीकरांस पत्रातले वचनही गाळले होते. ग्रंथ निव्वळ अफू असता तर मळेवाल्यांच्या सोयीसाठी त्याला कात्री लावायची वेळ कोणावर का आली असती? आपण कोणाच्या मालकीचे नाही हे ज्याला एकदा पटले त्याला राबवणे अवघड जाते, हे गुलामीवर जगणाऱ्यांना आजच्या टीकाकारांपेक्षा चांगले कळत होते.

याच कापून टाकलेल्या पानांतून पुढे काय झाले ते १९६८ साली मेम्फिसमध्ये दिसले. १ फेब्रुवारीला पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार त्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर तेराशेच्या आसपास कामगार संपावर गेले, चर्चमध्ये जमले, आणि तिथून गळ्यात पाट्या अडकवून रस्त्यावर निघाले. पाटीवर पगाराचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिले होते. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठीशी उभे राहायला तिथे गेले आणि ४ एप्रिलला तिथेच मारले गेले. त्या पाटीवरचे वाक्य आधी रविवारच्या उपासनेत शिकलेले होते, मग ते पगारवाढीच्या मागणीत उतरले. मुंबईत आजही माणसे मॅनहोलमध्ये उतरतात, मरतात आणि दोन दिवसांत विसरली जातात. इथल्या किती चर्चमधून तसे वाक्य रस्त्यावर आले आहे, हा प्रश्न मला आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा आमच्या पाळकांना विचारावासा वाटतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रबळ वाटतो, कारण तो आपल्याच मातीतला आहे. महात्मा फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, येशूविषयी त्यांना आदर होता, तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. निर्मिकाच्या, म्हणजे सर्वांच्या निर्मात्याच्या, नावाने त्यांनी माणसाचे मोल सांगितले. मे १९३६ मध्ये मुंबईत महार परिषदेपुढे बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराचा विषय स्वाभिमानाच्या पायावरच मांडला, आणि वीस वर्षांच्या विचारानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ते बुद्धाकडे गेले. भारतीय ख्रिस्ती समाजात जात शिल्लक आहे हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले होते. तेव्हा स्वाभिमानासाठी ख्रिस्ताकडेच यावे लागते असे जो म्हणतो तो निदान महाराष्ट्रात तरी खोटे बोलतो. मी तसे म्हणत नाही. ज्याला तिथे मोल सापडले त्याचे सापडणे खरे असू शकते, इतकाच माझा मुद्दा आहे, आणि तो मुद्दा बाबासाहेबांच्या टीकेने खोडला जात नाही. उलट तिने आमच्यापुढे आमचीच फूटपट्टी धरली आहे.

या जागी चोखोबांची आठवण येते. ऊस डोंगा असला तरी रस डोंगा नसतो असे म्हणणाऱ्या माणसाला विठ्ठलाच्या ठायी आपले मोल सापडले नव्हते असे कोण म्हणेल? तरी त्यांची समाधी मंदिराच्या दाराबाहेर पायरीपाशी राहिली, आणि ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून चौदाव्या शतकानंतर थेट १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. आतले मोल आणि बाहेरचे दार यांत सहाशे वर्षांचे अंतर पडू शकते. यावरून चोखोबांची भक्ती पोकळ होती असे सिद्ध होत नाही. दाराशी बसलेल्यांनी ती ऐकली नाही, एवढेच सिद्ध होते. ख्रिस्ती मंडळींनी हा इतिहास दुसऱ्याच्या घरातला म्हणून वाचू नये. तामिळनाडूत दलित ख्रिस्ती लोकांसाठी वेगळी दफनभूमी असलेल्या जागा आहेत. आपल्याकडे भिंती इतक्या उघड नसतात, पण लग्नाच्या जाहिरातीत ‘ख्रिस्ती’च्या आधी गोवन, मंगलोरी, ईस्ट इंडियन ही विशेषणे लागतातच, आणि मराठी ख्रिस्ती घरांत स्थळ आले की आजोबांच्या मूळ गावाची चौकशी होते, ती गावाच्या हवापाण्यासाठी होत नाही.

ही ओळखच परकी आहे, हा चौथा आक्षेप. त्याचा खरा भाग नाकारण्यात अर्थ नाही. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च थाटले. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालले. ख्रिस्ताच्या नावाने माणसाचे मोल ठरवायला बसलेली ती न्यायासने होती, आणि ज्या दाव्याविषयी मी लिहितो आहे त्याचा त्यांनी उघड भंग केला. पण परकेपणाचा आरोप ज्यांच्यावर करायचा ती माणसे नीट पाहावीत. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि दोनच वर्षांत ज्या मठातल्या भगिनींनी त्यांना आसरा दिला होता त्यांना त्यांनी पत्रातून बजावले की मोठ्या कष्टाने आपल्याकडच्या पुरोहितांचे जू मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे जू घ्यायची माझी तयारी नाही. परदेशात, दुसऱ्यांच्या आश्रयाने राहणारी, पदरी लहान मुलगी असलेली विधवा असे लिहिते, तेव्हा तिने कोणाची ओळख उसनी घेतलेली असते? नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्याआधीच त्यांचे सोवळे-ओवळे गळून पडले होते, आणि ते नवऱ्याच्या हुकमाने गळले नव्हते, त्यांनी स्वतः डोके चालवून सोडले होते. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना कुठेही असे वाटत नाही की या बाईंनी मराठीपण टाकून काही भलतेच अंगावर चढवले. किंबहुना बाई स्वतःवर इतक्या मोकळेपणाने हसू शकतात याचे कारण त्यांचे मोल आता कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही हेच असावे. आणि टिळक स्वतः? १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो मिशनच्या साहेबी चौकटीबाहेर ख्रिस्ताचे शिष्य गोळा करण्यासाठी.

याउलट निव्वळ नावाची ओळख कशी घडते याचे उदाहरण मुंबईतच आहे. साष्टी, वसई आणि मुंबई बेटांवरच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, कारण नोकऱ्यांसाठी बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे आहोत हे सरकारदरबारी दिसणे त्यांना गरजेचे होते. त्यात चुकीचे काही नव्हते. खोताची वाडी आणि माथारपाखाडी या जुन्या वस्त्या जपायला ते नाव आजही उपयोगी पडते. पण गावठाणातल्या घराच्या उताऱ्यावरची ओळख एक आणि माणूस म्हणून उभे राहण्याची ओळख दुसरी. पहिली मिळवायला अर्ज करावा लागतो, आणि तो नामंजूरही होतो.

आता घरच्यांविषयी. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या सभागृहांतून आणि भाड्याच्या हॉलांतून जो संदेश जोराने दिला जातो तो ऐकला की वाटते, बाजाराचा हिशेबच आम्ही स्तोत्रांच्या चालीवर बसवला आहे. तू राजाधिराजाचे लेकरू आहेस, तेव्हा तुझी नोकरी, तुझा फ्लॅट, तुझा व्हिसा हे तुझ्या मोलाचे पुरावे आहेत. साक्ष द्यायला पुढे कोण येतो ते पाहावे: ज्याचे ऑपरेशन यशस्वी झाले तो, जिच्या मुलीला प्रवेश मिळाला ती. ज्याचे ऑपरेशन फसले, ज्याची नोकरी गेली, तो मागच्या बाकावर खाली मान घालून बसतो आणि आपला विश्वास कमी पडला असे समजून घरी जातो. म्हणजे नाक्यावरचा मुकादम इथे माइक घेऊन उभा आहे. लूकाच्या शुभवर्तमानात मंदिरात प्रार्थना करणारे दोघे आहेत. आपल्या उपासांची आणि दशमांशाची यादी वाचणारा परूशी, आणि दूर उभा राहून छाती बडवणारा जकातदार. नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा. आमच्या साक्षींच्या कार्यक्रमात त्याला माइक मिळाला असता का? जर्मनीत १५१७ साली पापमुक्तीची पत्रे विकली जात होती म्हणून मार्टिन ल्यूथर उठला. मोल कृपेने मिळते, विकत मिळत नाही, हेच त्याचे म्हणणे होते. स्वतःला त्याचे वारस म्हणवणाऱ्यांनी आज यशाची पत्रे वाटावीत, हे मला जितके चमत्कारिक वाटते तितकेच संतापजनकही वाटते.

शेवटी पुन्हा आमिषाकडे येतो, कारण सार्वजनिक वाद तिथेच अडकलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना होता. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. म्हणजे कालपर्यंत महार किंवा मांग म्हणून शिष्यवृत्ती, नोकरीतली राखीव जागा आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण असलेला माणूस बाप्तिस्मा घेतो त्या दिवशी कायद्याने ते सगळे गमावतो, आणि गावातली त्याची जात मात्र शेजाऱ्यांच्या नजरेत तशीच राहते. पदरचे घालवून जो येतो त्याला आमिषाने आला म्हणणे हे कोणत्या तर्कात बसते? लपूनछपून ख्रिस्ती राहून कागदावर हिंदू राहणारी कुटुंबे आहेत, हे खरे आहे. पण तिथेही आमिष असेल तर ते ख्रिस्ती न दिसण्याचे आहे.

या आदेशाविरुद्धच्या याचिका २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेत. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला. चर्चच्या प्रतिनिधींनी न्यायालयात दलित ख्रिस्ती लोकांवर आजही जातीचा अन्याय होतो असे सांगायचे आणि रविवारी व्यासपीठावरून आमच्यात जात नाहीच असे सांगायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही. पहिले विधान खरे असल्याचे सगळ्यांना ठाऊक आहे, मग दुसरे थांबवावे. कोणत्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये), कोणत्या मंडळीत, कमिटीवर कोण निवडून येते, पाळक कोणत्या घरातले असतात, दफनाच्या जागेसाठी कोणाला थांबावे लागते, हे आमच्याच नोंदवह्यांतून काढून आमच्याच माणसांनी छापावे. त्यातून विरोधकांच्या हाती कोलीत जाईल, अशी भीती मला वडीलधाऱ्यांनी अनेकदा घातली आहे. जावो. आपले मोल विरोधकांच्या बोलण्याने कमी होत नाही असे ज्यांनी आयुष्यभर शिकवले, त्यांना तरी ही भीती शोभत नाही.